सुभेदारांची जबानी

‘वैयक्तिक स्वच्छतेचा अभाव’ हे शब्द डॉक्टरांच्या वकिलांनी वाचून दाखवले तेव्हा सुभेदार सयाजी धनावडे छताच्या पंख्याकडे बघत होते. सकाळपासून त्यांनी पंख्याखेरीज कुणाकडं म्हणून बघितलं नव्हतं. साताऱ्याच्या ग्राहक आयोगाची ती खोली तशी लहानच. पुढं उंचावर अध्यक्षबाई, खाली दोन्ही बाजूंचे वकील, आणि मागच्या बाकांवर आपापला नंबर यायची वाट बघणारी माणसं. कुणाचा फ्रीज बिघडलेला, कुणाला विमा नाकारलेला. एवढ्या परक्या माणसांत आपल्या शरीराच्या त्या भागाचा विषय निघणार, या धास्तीनं सुभेदारांनी पंखा धरून ठेवला होता. त्यामुळं ते शब्द आधी नुसते कानावरून गेले. मग थोड्या वेळानं, चप्पल विसरलेला पाहुणा दारातून परत यावा तसे ते परत आले. स्वच्छतेचा अभाव. कुणाच्या? ‘तक्रारदाराने शरीराच्या संबंधित भागाची स्वच्छता राखली नाही व दुखणे डॉक्टरांपासून लपवून ठेवले, सबब झालेल्या परिणामास तक्रारदार स्वतःच जबाबदार आहे,’ असं वकील वाचत होते, आणि वाचता वाचता पाण्याचा घोट घेत होते. म्हणजे आपण. आपण घाणेरडे. सुभेदारांची नजर पंख्यावरून खाली आली. मानेमागं काहीतरी तापल्यासारखं झालं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना लाजेऐवजी राग आला.

खरं तर आज सगळं सुखानं मिटणार होतं. सकाळीच बाहेरच्या व्हरांड्यात याच वकिलांनी त्यांना बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, मऊ आवाजात सांगितलं होतं, की डॉक्टरांना वाद वाढवायचा नाही, मनाजोगी भरपाई देतील, तुम्ही तक्रार मागं घ्या, आणि याविषयी दोघांपैकी कुणीही कुठं अवाक्षर काढायचं नाही असं लिहून देऊ; तोवर सुनावणीत वाचायचं ते वाचावंच लागेल, पण दुपारच्या सुट्टीत सही केली की संपलं. कुठं अवाक्षर काढायचं नाही! सुभेदारांना तर गळ्यात पडावंसं वाटलं होतं. अवाक्षर निघू नये म्हणून तर त्यांनी जिवाचं रान केलं होतं. मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात सगळे सुभेदारांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं असं समजत होते. साताऱ्यात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून ते उपचाराला थेट सांगली जिल्ह्यात, मिरजेला जाऊन राहिले होते. त्यांच्या वकीलबाई, फिरदोस बागवान, तडजोडीचं ऐकून एवढंच म्हणाल्या, “निर्णय तुमचा आहे काका. फक्त एक ध्यानात घ्या. कुठं बोलायचं नाही म्हणजे ही गोळी खाणाऱ्या दुसऱ्या माणसालाही सांगायचं नाही.” सुभेदारांनी मान डोलावली होती. दुसरा माणूस त्या वेळी त्यांना फार लांबचा वाटला होता.

पण घाणेरडा? बेळगावच्या फौजी ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवणारा उस्ताद पांढरा रुमाल घेऊन यायचा आणि खाटेच्या खालच्या पट्टीवरून फिरवायचा. रुमालाला डाग लागला तर सगळी बराक धावायला. तिथून ते सुभेदार होऊन घरी येईपर्यंत सयाजी धनावड्यांनी अंघोळ चुकवली नव्हती. वरच्या बर्फात पाणी मिळत नसे तेव्हा डब्यात बर्फ वितळवून त्यांनी अंग पुसलं होतं, आणि पोरं हसायची, सुभेदारसाहेब नवरदेव निघाले म्हणायची. आणि लाज? तीही गंमतच. भरतीच्या वेळी मैदानात रांगेनं उभं केलं होतं, अंगावर सूत नाही. डॉक्टर पुढं आला, हात लावून म्हणाला, खोकून दाखव. शेजारी शिराळ्याकडचा एक पोरगा होता, तो दातओठ खात जमिनीकडं बघत होता. सयाजी मात्र छाती काढून खोकला होता, अगदी मोठ्यानं. तेव्हा ही लाज कुठं होती? ती बहुधा नंतर आली असावी. खांद्यावर फिती आल्या, मिशा पांढऱ्या झाल्या, गावात झेंडावंदनाला नारळ त्यांच्या हातानं फुटायला लागला, लग्नात पहिल्या पंगतीला पाट मिळायला लागला, तेव्हा हळूहळू, कापडाला खळ चढावी तशी ती अंगावर चढत गेली. मानाच्या माणसाला कमरेखाली शरीर नसतं, असं काहीसं त्यांचं ठरून गेलं. सुभेदारांना हे आज, या खोलीत, पहिल्यांदा कळत होतं, आणि कळताना त्यांना स्वतःचाच थोडा वैताग येत होता.

गोळी आली तेव्हा तर आनंदीआनंद होता. रक्तातली साखर ऐकेना म्हणून साताऱ्याच्या या डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. “जादा साखर लघवीवाटे बाहेर काढून टाकते ही,” डॉक्टर म्हणाले होते, “एक दिवस चुकवायची नाही, सुभेदार.” बास. सुभेदारांना हुकूम मिळाला. दवाखान्यातल्याच औषधाच्या दुकानात पोऱ्यानं कात्रीनं पट्टी कापून दिली. खोक्यात घडी करून घातलेला बारीक अक्षरांचा इशाऱ्याचा कागद खोक्यातच राहिला, तो सुभेदारांच्या हातात कधी आलाच नाही, आणि असा काही कागद असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते रोज सकाळी चहाच्या आधी, परेडला हजर राहावं तशी गोळी घेत. मग मोरीच्या कडेला मुंग्या दिसायला लागल्या. लालबुंद रांग, मोरीच्या दगडापासून भिंतीपर्यंत. बायकोनं, सुलाबाईंनी, हळद टाकली, तरी येतच राहिल्या. सुभेदार मात्र त्या रांगेकडं मोठ्या समाधानानं बघत उभे राहत. साखर चाललीय! शत्रू माघार घेतोय! वजन उतरलं, रिपोर्ट सुधारले, आणि पारावर बसून त्यांनी निम्म्या गावाला ही गोळी किती गुणाची आहे ते सांगितलं. ज्या जागेवरून ही साखर रोज वाहत होती, त्या जागेचं काय होत असेल, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. यायचं कारणही नव्हतं, कुणी तो घातलाच नव्हता.

पावसाळ्यात तिथं जळजळ सुरू झाली. आधी खाज, मग आग, मग सूज. फौजेत सिक रिपोर्ट करणाऱ्याला, आजारी म्हणून नाव देणाऱ्याला, कामचुकार म्हणतात. सुभेदारांनी स्वतः कितीतरी पोरांना तसं म्हटलं होतं. आता स्वतःचं नाव सिक रिपोर्टला द्यायचं, तेही असल्या जागेसाठी? ते अंघोळ दोनदा करू लागले, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुऊ लागले. एवढं धुतलं, एवढं धुतलं, की सुलाबाईंनी विचारलं, “आवं, मोरीत काय शेत लावताय व्हय?” शेवटी तिनंच रेटून त्यांना साताऱ्याला नेलं. डॉक्टरांच्या खोलीत नोंदी करणारी एक मुलगी बसली होती, सुलाबाई शेजारी होती, दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून शाबासकी दिली आणि विचारलं, बाकी काही? सुभेदारांनी अर्धवट दाराकडं बघितलं. “खाली... बसायला जरा अवघड जातंय,” एवढंच त्यांनी सांगितलं. “मूळव्याध असेल, मलम देतो,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. ना खुर्चीवरून उठले, ना पडद्यामागं चला म्हणाले, ना गोळीचं नाव काढलं. “गोळी मात्र चालू ठेवा, एक नंबर काम करतेय.” सुभेदार खोलीतून बाहेर पडले तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटकेची आठवण आज त्यांना सगळ्यांत जास्त टोचत होती.

पंधरा ऑगस्टला अंगात सणकून ताप असताना ते शाळेच्या पटांगणात सावधानमध्ये उभे राहिले. पाय जुळवता येत नव्हते, तरी जुळवले. झेंडा वर गेला, सलामी झाली, राष्ट्रगीत पुरं झालं, आणि मगच सुभेदार कोसळले. गावात अजून सांगतात, की देशाच्या नुसत्या आठवणीनं सुभेदारांना भोवळ आली. डोळे उघडताच, साताऱ्याला नको, मिरजेलाच न्या, असा त्यांनी हट्ट धरला. मिरजेच्या सर्जननी पडदा ओढून बघितलं. कातडं काळं पडलं होतं, खालचं मांस सडत चाललं होतं. रातोरात कापलं, पुन्हा कापलं, मांडीचं कातडं काढून तिथं लावलं. शुद्धीवर आल्यावर सर्जननी सांगितलं, “या जातीच्या गोळीनं लाखांत एखाद्याला हे होतं. गोळी वाईट नाही, पुष्कळांना तिचा फायदा होतो. पण हे होऊ शकतं हे सांगायचं असतं, आणि दुखायला लागलं की त्याच दिवशी बघायचं असतं.” रोगाला एक भलं मोठं परदेशी नाव होतं, कुठल्या तरी कर्नलचं असावं तसलं, आणि सुभेदारांनी ते हौसेनं पाठ केलं, कारण त्या नावाआड लपता येत होतं. रोज जखम धुवायला सोनम नावाची नर्स यायची, शिराळ्याकडची, त्यांच्या नातीच्या वयाची. सुभेदार तोंड भिंतीकडं करून डोळे गच्च मिटून घेत. एकदा ती फटकन म्हणाली, “आजोबा, जखम खाली हाय, तुमी तोंड कशापायी झाकताय? मला गुडघा आन् ही जागा सारखीच हाय.” त्यांनी डोळे उघडले नव्हते, पण त्या दिवशी त्यांना झोप बरी लागली होती.

तक्रार करायची हे सुलाबाईंचं. “दुसऱ्या कुणाच्या घरात हे व्हायला नगं,” ती म्हणाली आणि साताऱ्याला फिरदोस बागवानांच्या ऑफिसात नवऱ्याला घेऊन जाऊन बसली. सुभेदार तिथंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडंच बघत राहिले. फिरदोस भराभरा बोलणारी, तिशीतली बाई. तिनं सगळे रस्ते समजावले. डॉक्टरांच्या परिषदेकडं जाता येतं, तिथं त्यांच्या परवान्याचा विचार होतो. औषधाचा असा परिणाम झाला हे सरकारला कळवता येतं, ते तर आपण कळवूच. कंपनीवर जायचं म्हटलं तर तिनं इशारा छापलेला आहे, तो रुग्णापर्यंत पोचला नाही एवढंच. आणि ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली, धोक्याची कल्पना दिली नाही, तपासलं नाही, याची भरपाई तिथं मागता येते, फक्त दोन वर्षांच्या आत. सुभेदारांना आयोग आवडला, कारण तिथलं पुष्कळसं काम कागदावर चालतं असं तिनं सांगितलं. कागदावरची गोष्ट निराळी आणि तोंडातली निराळी. कागदावर तो परदेशी कर्नल होता. तोंडात मात्र ती जागा होती, आणि तिला मराठीत नावं होती, सगळ्या गावाला ठाऊक असलेली.

“...शिवाय तक्रारदारानं या भागात काही त्रास असल्याचं डॉक्टरांना सांगितल्याचा कुठलाही पुरावा नाही,” वकील म्हणत होते, “आणि मॅडम, स्वच्छतेबाबत तर ग्रामीण भागात...” तेवढ्यात मागं एक बाक करकरला. सगळ्यांनी वळून बघितलं. सुभेदार उभे राहिले होते. आपण उभे राहिलो हे त्यांना स्वतःलाही उभं राहिल्यावरच समजलं. टाचा जुळल्या होत्या. दुपारची सही, भरपाई, अवाक्षर न काढण्याचा तो मऊ करार, सगळं अजून त्यांच्या हाताशी होतं. नुसतं परत खाली बसायचं होतं, बास. फिरदोस कुजबुजली, “काका, बसा, मी मांडते ना.”

“न्हाई. हे माझं मलाच मांडू द्या,” सुभेदार म्हणाले. मग समोर बघून, “मॅडम, मला बोलायचं हाय.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. वकिलांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण बाई म्हणाल्या, “तक्रार त्यांची आहे, बोलू द्या. काका, बसून बोललात तरी चालेल.”

“उभ्यानंच बोलतो.” सुभेदारांनी घसा खाकरला. सगळी खोली त्यांच्याकडं बघत होती, आणि नवल म्हणजे आज त्यांना पंख्याची आठवणही झाली नाही. “मी घाण माणूस न्हाई, मॅडम. फौजेत बर्फ वितळवून अंग धुतलंय मी. दुखाय लागलं तवा दिसातनं दोनदा लिंबाच्या पाल्यानं धूत व्हतो, माझी मालकीण हितं मागं बसलीया, तिला विचारा. हितं सारखं संबंधित भाग, संबंधित भाग म्हणत्यात. त्यो भाग म्हंजी माझी अंडाची पिशवी. ती सुजली. नारळाएवढी झाली. तितनं मागं गुदद्वारापतोर कातडं काळं पडलं, मांस सडलं, वास मारला. कापून काढावं लागलं समदं. आता मांडीचं कातडं लावल्यालं हाय तितं.”

ते थांबले. कुणी हसलं नाही. खोलीचं छत कोसळलं नाही. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं “आगं आई गं” म्हटलं तेवढंच. सुभेदारांना एकदम हलकं वाटायला लागलं, लांबच्या कवायतीनंतर पाठीवरचा पिट्टू उतरवल्यासारखं. अरे, एवढंच होतं? या एवढ्या दोन-चार शब्दांसाठी आपण मिरजेपर्यंत पळालो? मग ते पुढं बोलत गेले आणि आवाज आपोआप वाढत गेला, परेडच्या मैदानावर पोचेल असा.

“वकीलसायेब म्हणत्यात मी लपवलं. व्हय, लपवलं. लाज वाटली मला. खाली अवघड जातंय एवढंच बोललो, जागंचं नाव न्हाई घेतलं. ती माझी चूक, मी ती पदरात घेतो. पर मला एक सांगा. पोराला पहाऱ्यावर उभं करताना आमी सांगायचो, की बाबा, ह्या नाल्यातनं शत्रू येऊ शकतो, पान जरी हाललं तरी हाळी दे. मंग त्यो पोरगा हाळी द्यायला लाजतो का? पर सांगितलंच न्हाई, तर त्याला वाटणार वारा हाय. डॉक्टरसायेबांनी मला गोळी देताना एवढंच म्हणायचं व्हतं, की सुभेदार, हिच्यानं तितं जळजळ झाली, सूज आली, ताप आला, तर लाजू नगा, त्याच दिशी या. मी आलो असतो. आईच्यान आलो असतो. माझ्यासारख्याला हुकूम दिल्याव लाज कसली? मला सांगितलं एकच, गोळी चुकवू नगा. ती मी एक दिस चुकवली न्हाई, मॅडम. भोवळ येऊन पडलो त्या सकाळीबी खाल्ली व्हती.”

अध्यक्षबाईंनी वकिलांशेजारी बसलेल्या डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर पन्नाशीच्या आतलेच, सडपातळ, चेहऱ्यानं थकलेले. तसा दुष्ट माणूस नव्हता तो, सुभेदारांनाही तसं कधी वाटलं नव्हतं. “डॉक्टर, या परिणामाची कल्पना तुम्ही यांना दिली होती?” बाईंनी विचारलं. डॉक्टर उठले. “मॅडम, हे फारच क्वचित होतं. प्रत्येकाला सांगत बसलो तर निम्मे लोक घाबरून गोळीच सोडतील. म्हणून मी कुणालाच सांगत नाही.” त्यांच्या वकिलांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. “कुणालाच नाही?” बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी सुभेदारांकडं बघितलं आणि खरं बोलायचं ठरवल्यासारखा श्वास घेतला. “नाही.” “आणि अवघड जातंय म्हणाले तेव्हा तपासलंत?” “नाही. तपासायला हवं होतं.” बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. फिरदोसच्या चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं, ते तिनं ओठ मिटून मागं ढकललं.

सुट्टीत वकील कागद घेऊन व्हरांड्यात आले, आता आणखीच मऊ होऊन. सुभेदारांनी हात जोडले. “न्हाई सायेब. तोंड बंद ठेवायच्या कागदावर आता सही न्हाई.” त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो झाकायची त्यांना गरज वाटत नव्हती. निकाल पुढं दिवाळीच्या तोंडावर लागला आणि तो त्यांच्याच बाजूनं लागला. भरपाई तर मिळालीच, वर दवाखान्यानं ही गोळी देताना धोक्याच्या खुणा मराठीत, तोंडी आणि लेखी सांगायच्या असाही हुकूम झाला. हे आत्ताच सांगून टाकलं, कारण जिंकायचं ते सुभेदारांनी त्या दुपारीच जिंकलं होतं, आणि खरी गोष्ट अजून पुढंच आहे.

सुलाबाईंनी पिशवीतनं भाकरी काढली. “झालं का मन मोकळं?”

“झालं. पर आता गावात कळणार गं,” सुभेदार म्हणाले. “कुणीतरी असणारच मेढ्याकडचं हितं. हर्निया हर्निया करत बसलो व्हतो.”

“गावाला कवाच ठावं हाय,” सुलाबाई ठेचा वाढत म्हणाल्या. “मिरजंतनं आलो तवाच सांगितलंया म्या.”

“कुणाला?”

“बायकांस्नी. मंग गड्यांस्नी येगळं काय सांगायचं ऱ्हायलं? म्याच म्हणलं, त्येंच्या तोंडावर कुणी बोलू नगा, मानी माणूस हाय.”

सुभेदारांचा घास हातातच राहिला. पारावरची ती सगळी तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. हर्निया कसा हाय, वजन उचलू नगा, टाके वढत न्हाईत ना, असं गंभीरपणानं विचारणारी तोंडं. केरबा पैलवान तर हर्नियावर झाडपाल्याचं औषध घेऊन आला होता, आणि त्यालाही ठाऊक होतं! आख्ख्या गावानं मिळून त्यांचं हे सोंग सांभाळलं होतं, एकानंही चेहरा हलू दिला नव्हता. आधी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग पोटातून हसू फुटलं, आणि त्या हसण्यात गावाविषयी एवढी माया दाटून आली की डोळ्यांत पाणी आलं. पुसलं तरी ते थांबेना. “लबाड हाईत समदी,” ते म्हणाले. “आन् तू त्यांची म्होरकी.”

तेवढ्यात खांबाआड घुटमळणारा एक माणूस पुढं आला. धोतर, जाडाभरडा सदरा, साठीचा. सकाळपासून तो मागच्या बाकावर बसला होता, विहिरीवरची मोटार जळाली म्हणून दुकानदाराविरुद्ध आलेला. “राम राम सुभेदार. मी ज्योतिबा. कोयनानगरकडचा. जरा बाजूला येता का?” सुभेदार भाकरी ठेवून उठले. ज्योतिबानं इकडंतिकडं बघितलं, खिशातनं कापलेली पट्टी काढली आणि मुठीत धरूनच दाखवली. “हीच का वो ती?” नाव निराळं होतं. सुभेदारांनी फिरदोसला हाक मारली, तिनं पट्टीची मागची बाजू वाचली आणि म्हणाली, “नाव दुसरं आहे, पण औषध त्याच जातीचं.” ज्योतिबा जमिनीकडं बघत राहिला. घाम आला होता त्याला, आणि सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. सुभेदारांना ते उभं राहणं ओळखू आलं. तसंच ते स्वतः उभे राहिले होते, झेंड्यासमोर. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं.

“कवापासनं?”

“परवापासनं. घरात बोललो न्हाई कुणाला. तुमी मघाशी बोलला तवा माझं काळीजच हाललं.”

“चल.”

“आवं, मोटारीचा नंबर लागंल माझा आता.”

“खड्ड्यात गेली मोटार! चल म्हणतो न्हवं?” सुभेदारांचा तो आवाज ऐकून व्हरांड्यातला शिपाईसुद्धा सरळ उभा राहिला. फिरदोस म्हणाली, “तुमची तारीख मी मागून घेते, तुम्ही आधी जा.” रिक्षात मधे ज्योतिबा, दोन्ही बाजूंना नवरा-बायको. खड्डा आला की ज्योतिबा कण्हायचा, आणि सुभेदार रिक्षावाल्याला एकाच दमात जोरात आणि हळू चालवायला सांगायचे. बाहेर सातारा नेहमीसारखा चालला होता, कंदी पेढ्यांची दुकानं, सायकलवरची पोरं, उन्हात पिवळा पडलेला अजिंक्यतारा. या गर्दीत किती खिशांत अशी पट्टी असेल, किती जण आत्ता या क्षणी पायावर पाय बदलत उभे असतील, असं सुभेदारांच्या मनात येऊन गेलं, आणि सकाळी लांबचा वाटलेला तो दुसरा माणूस त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसला होता.

सरकारी दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती, छातीवर डॉ. झोया अशी पट्टी. तिला बघून ज्योतिबाची मान आणखीच खाली गेली. “काय होतंय काका?” तिनं विचारलं. “ताप हाय,” ज्योतिबा म्हणाला आणि गप्प झाला. सुभेदारांच्या ओठांवर सगळं आलं होतं; एका वाक्यात सांगून टाकलं असतं त्यांनी. पण त्यांनी दात आवळले. आज सकाळी आपल्यासाठी दुसऱ्या कुणी बोललं असतं तर आपण अजून पंख्याकडंच बघत राहिलो असतो, हे त्यांना पक्कं कळलं होतं. ते नुसते त्याच्या शेजारी उभे राहिले, टाचा जुळवून. खोलीत कुठंतरी नळ ठिबकत होता. डॉक्टरीण थांबली होती. ज्योतिबानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, मान वर केली, आणि जागेचं नाव घेऊन बोलला.

झोयानं पुढचं ऐकायलाही वेळ घालवला नाही. पडदा ओढला, बघितलं, सर्जनना फोन लावला, सलाईन सांगितली. थोड्या वेळानं हात पुसत बाहेर आली. “वेळेत आणलंत. सुरुवातच आहे. अजून दोन दिवस अंगावर काढलं असतं तर...” तिनं वाक्य सोडून दिलं आणि परत आत गेली. सुभेदार बाकावर सुलाबाईंच्या शेजारी बसले. पडद्यामागं सर्जन आले असावेत, कारण ज्योतिबा आता त्यांना पहिल्यापासून सगळं सांगत होता. एकदा तोंड उघडल्यावर त्या माणसाला कसलाच धरबंध राहिला नव्हता. कुठं खाजलं, कुठं सुजलं, किती सुजलं, सगळं नावासकट, शेतात हाळी घालावी तशा खड्या आवाजात. व्हरांड्यातली माणसं वळून वळून बघायला लागली.

सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. “बया, किती वरडतंय त्ये माणूस!”

“वरडू दे,” सुभेदार म्हणाले.